मत न्यायला घरी, दाखला द्यायला अलिबागला
(शेलू येथील स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



आजचा विषय मी मागून घेतला आहे. संयोजकांच्या मनात संतसाहित्य होतं. शारीरिक अपंगत्व असलेल्या माणसांचे हक्क आणि त्यांना मिळणाऱ्या सेवा यांवर बोलतो, असं मी म्हटलं तेव्हा त्यांनी जरा बिचकतच विचारलं, शेवटी मदतपेटी फिरवायची आहे का? नाही. आज कुणाच्या खिशाला हात लागणार नाही. गावाच्या खिशात आधीच असलेल्या काही पैशांबद्दल मात्र शेवटी शेवटी बोलेन.

सुरुवात निवडणुकीपासून करतो. कर्जत तालुक्यातलं आपलं शेलू मावळ लोकसभा मतदारसंघात येतं आणि इथलं मतदान १३ मे २०२४ ला झालं. त्या निवडणुकीत ८५ वर्षांपुढच्या आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या मतदारांना घरूनच मत देण्याची सोय झाली. लोकसभेला देशभर ही सोय पहिल्यांदाच मिळत होती. बीएलओने, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने, घरी येऊन १२-ड नमुना द्यायचा, भरून न्यायचा. मग ठरलेल्या दिवशी मतदान पथक दारात हजर. सोबत पोलीस, चित्रीकरण करणारा. उमेदवारांच्या माणसांना आधी कळवलेलं. घरातच आडोसा उभारायचा, मतपत्रिका हातात द्यायची, पाकीट बंद करून न्यायचं. रांग नाही, जिना नाही, ‘साहेब जेवायला गेलेत’ नाही. एका मतासाठी अख्खं पथक चालत वाडीवर जातं, आणि मला त्याचा मनापासून अभिमान वाटतो.

आता त्याच घराच्या शेजारचा माणूस घ्या. पाय त्याचाही गेलेला आहे, पण अपंगत्वाचा दाखला काढलेला नाही. घरून मत देण्याच्या सोयीलाही आधी तो दाखला लागतो, म्हणजे तिथेही हा बाहेरच. दाखल्याचा अर्ज हल्ली ऑनलाइन भरता येतो, ही चांगली गोष्ट झाली. तपासणीला मात्र स्वतः हजर राहावं लागतं. हाडांच्या तज्ज्ञाचा वार ठरलेला असतो. जवळच्या रुग्णालयात तज्ज्ञ नसला की चिठ्ठी मिळते ती जिल्ह्याच्या ठिकाणची, अलिबागची. वाडीवरून डांबरी रस्त्यापर्यंत कुणीतरी उचलून आणायचं, रिक्षा करायची, कर्जत, खोपोली, पेण करत अलिबाग गाठायचं. सोबत येणाऱ्याचा त्या दिवसाचा रोज बुडतो. मशीन बंद असलं, डॉक्टर शिबिराला गेलेले असले, तर पुन्हा तेवढाच प्रवास. एसटीत अपंग प्रवाशाला भाड्यात ७५ टक्के सवलत आहे, पण ती तिकिटाला आहे, बसच्या पायरीला नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. अपंग माणसासाठी आपल्याकडे कायदा आहे, योजना आहेत, पैसा आहे. पण यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट मिळवायला त्याने प्रवास करायचा असतो, आणि प्रवास हीच तर त्याची अडचण आहे. ज्याला चालता येत नाही त्याला चालत येऊन सिद्ध करायला सांगायचं की मला चालता येत नाही. सरकारला घरी जाता येत नाही असं म्हणायची सोय २०२४ नंतर उरलेली नाही. निवडणुकीत आणि योजनांत माणसं तीच. ग्रामसेवक, तलाठी, शिक्षक आणि अंगणवाडी ताई निवडणुकीत घरोघर जातात, आणि गावात कुणाला चालता येत नाही, कोण अंथरुणाला खिळलंय, हे त्यांना तोंडपाठ असतं.

कायदा काय म्हणतो तेही सांगतो, कारण तो फार कमी लोकांनी वाचलेला आहे. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. १९९५ च्या जुन्या कायद्यापेक्षा हा बराच पुढचा आहे. अपंगत्वाचे प्रकार त्यात २१ झाले, सरकारी नोकरीतलं आरक्षण ४ टक्के झालं. माझ्या दृष्टीने त्यातलं सगळ्यात मोलाचं कलम २५ वं आहे, आणि त्याची चर्चाच होत नाही. आरोग्यसेवा राहत्या जागेजवळ, विशेषतः ग्रामीण भागात, ठरलेल्या उत्पन्नमर्यादेत मोफत मिळावी, असं ते म्हणतं. राहत्या जागेजवळ. शेलूच्या माणसाला अलिबाग जवळ आहे, असं कोणत्या नकाशात लिहिलंय?

मुंबई जवळ आहे म्हणाल. अंतराने आहे. हाजी अलीला भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था १९५५ पासून आहे. त्याच परिसरात फातिमा इस्माईल यांच्या कामातून उभं राहिलेलं मुलांचं अस्थिरोग रुग्णालयही आहे. त्यांच्या स्वतःच्या मुलीला पोलिओ झाला आणि तिच्यासाठी धावपळ करताना त्यांच्या लक्षात आलं, की बाकीच्यांच्या मुलांसाठी इथे काहीच नाही. १९४७ मध्ये त्यांनी काम सुरू केलं. आज शेलूहून तिथे जायचं तर कर्जत लोकल पकडायची, दादरला पूल चढून-उतरून पश्चिम रेल्वेवर जायचं, महालक्ष्मीला उतरायचं. कुबड्या घेऊन दादरचा पूल सकाळी नऊला करून बघा. उपचारापेक्षा तिथवर जाणं जड.

लोकलचा विषय निघालाच आहे तर वांगणीकडे वळू. आपल्या अलीकडचं स्टेशन. भाडं परवडतं आणि दाराशी लोकल आहे म्हणून दृष्टिहीन कुटुंबं वांगणीत मोठ्या संख्येने राहतात. त्यातले अनेकजण लोकलमध्ये छोट्या वस्तू विकून पोट भरतात, आणि तुम्ही त्यांच्याकडून कधीतरी कंगवा किंवा मोबाइलचं कव्हर घेतलेलं असेल. १७ एप्रिल २०२१ ला वांगणीच्याच फलाटावर एक दृष्टिहीन आई आपल्या लहान मुलाला घेऊन चालली होती. मूल रुळांवर पडलं. समोरून उद्यान एक्स्प्रेस येत होती. पॉइंट्समन मयूर शेळके रुळांवरून धावत आले, मुलाला वर ढकललं आणि स्वतः जेमतेम वाचले. तो काही सेकंदांचा व्हिडिओ सगळ्या देशाने पाहिला. बक्षिसाच्या पैशातला अर्धा वाटा त्यांनी त्या माय-लेकरांना दिला. माणूस मोठाच.

त्या दिवसांत वृत्तवाहिन्यांवर मी बरंच ऐकलं. धैर्य ऐकलं, देवदूत ऐकलं. फलाटाची कड आली हे त्या आईच्या पायाला कळावं अशी काय व्यवस्था होती, हा प्रश्न मात्र क्वचितच कानावर आला. रोज दृष्टिहीन माणसं ये-जा करतात अशा फलाटावर पहिला प्रश्न तोच असायला हवा होता. शूर माणसाचा सत्कार करायला खर्च कमी येतो आणि फोटोही चांगला येतो. अपंग माणसाच्या शौर्याचंही आपण असंच करतो. पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात जखमी झाले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक जिंकून आले. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. मधल्या ४६ वर्षांचं काय, हा हिशेब तुमचा तुम्ही करा.

रेल्वेत काही सुधारलंच नाही असं नाही. पण सुधारणा कशी होते ते बघण्यासारखं आहे. जानेवारी २०१४ मध्ये घाटकोपरला एक विद्यार्थिनी गाडी आणि फलाटाच्या फटीत पडली आणि तिचे दोन्ही हात गेले. मग उच्च न्यायालयाने लक्ष घातलं, आणि उपनगरी फलाटांची उंची ९०० मिलिमीटरपर्यंत वाढवण्याच्या कामाला गती आली. समीर झवेरी यांचे दोन्ही पाय १९८९ मध्ये रेल्वे अपघातात गेले. पुढे त्यांनी माहिती अधिकाराचे अर्ज आणि याचिका यांतून रेल्वेला इतक्या प्रश्नांची उत्तरं द्यायला लावली, की अनेक आमदार-खासदारांना ते जमलेलं नाही. म्हणजे आधी कुणाचं तरी अंग जायचं, मग न्यायालय, मग कंत्राट. हा क्रम उलटा करायची एक संधी आत्ता आपल्या दारात आहे. पनवेल-कर्जत उपनगरी मार्ग होतो आहे, त्यावर खालापूर तालुक्यातलं चौक स्टेशन आहे. बदलापूर-कर्जत तिसरी-चौथी मार्गिका येणार आहे. नवं बांधताना उतार आणि लिफ्ट काढायला जो खर्च येतो तो एकूण खर्चात दिसतही नाही. बांधून झालेलं फोडताना तो दिसतो, आणि मग निधी नसतो.

उताराबद्दल थोडं थांबतो, कारण सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते. व्हीलचेअरसाठीच्या उताराचं माप एकास बारा असतं. एक फूट उंची चढायची तर बारा फूट लांबीचा उतार लागतो. आपल्या शाळांची, पंचायतींची जोती साधारण दीड फुटाची धरा, म्हणजे अठरा फूट उतार हवा. दोन्ही बाजूंना कठडा हवा, वर पोचल्यावर खुर्ची थांबेल अशी सपाट जागा हवी, आणि पुढचं दार निदान ९०० मिलिमीटर मोकळं हवं. आता डोळ्यांसमोर तुम्हाला माहीत असलेला कुठलाही सरकारी ‘रॅम्प’ आणा. पाच-सहा फुटांत संपलेला, गुळगुळीत लाद्या लावलेला, खाली गटार आणि वर बंद दार. पावसाळ्यात त्यावरून धडधाकट माणूसही घसरेल. कागदावर ‘रॅम्प उपलब्ध : होय’ अशी खूण झालेली असते. व्हीलचेअर वापरणाऱ्या एकाला जरी बोलावून, बाबा, चढून दाखव, असं विचारलं असतं तर तो अठरा फुटांचा झाला असता. मापाचा अडाणीपणा एकवेळ मी समजून घेईन. न विचारणं मला समजत नाही.

आणि हे फक्त सरकारी इमारतींपुरतं नाही. शेलू, नेरळ, कर्जत या पट्ट्यात किती इमारती उठताहेत ते तुम्ही रोज बघता. परवडणारं घर म्हणून मुंबईतून माणसं इथे येताहेत, त्यात म्हातारे आई-वडील असलेली कुटुंबं आहेत. २०१६ च्या कायद्याचं ४४ वं कलम सांगतं, की सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या आराखड्याला परवानगी द्यायची नाही, आणि नियम पाळल्याशिवाय पूर्णत्वाचा दाखला किंवा भोगवटा द्यायचा नाही. घर बघायला जाल तेव्हा स्वयंपाकघराच्या ओट्याचा ग्रॅनाइट विचारता तसं हेही विचारा. लिफ्टपर्यंत पोचायला पायऱ्या आहेत का? न्हाणीघराच्या दारातून खुर्ची जाते का? आज नसेल, पण वीस वर्षांनी तुम्हालाच ती लागणार आहे.

जुन्या सार्वजनिक इमारतींना कायद्याने पाच वर्षांची मुदत दिली होती. नियम १५ जून २०१७ ला आले, म्हणजे २०२२ च्या जूनमध्ये मुदत संपली. काय झालं ते मुंबईत खारला दिसलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये विराली मोदी यांचं नोंदणी विवाहाचं काम होतं. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, जिना उभा. त्या व्हीलचेअर वापरतात, आणि अपंगांच्या रेल्वे प्रवासासाठी मोहीम चालवलेल्या कार्यकर्त्या आहेत. अधिकारी खाली यायला तयार नव्हते. शेवटी त्यांना उचलून वर न्यावं लागलं. लग्नाच्या दिवशी! त्यांनी ते जगासमोर मांडलं, गाजलं, आणि उपमुख्यमंत्र्यांनी दिलगिरी व्यक्त केली. विराली मोदींचा आवाज पोचला. तालुक्याच्या कचेरीत मुलाच्या पाठीवर बसून जिना चढणाऱ्या बाईचा आवाज कुठे पोचतो? आणि खरं सांगायचं तर त्या अधिकाऱ्याला दोन जिने उतरायला किती मिनिटं लागली असती?

पुढची मेख आणखी वरची आहे. कायदा म्हणत होता ‘बंधनकारक’, आणि त्याखालचा १५ वा नियम जी मानकं सांगत होता ती नुसती मार्गदर्शक. राजीव रतुरी या दृष्टिहीन गृहस्थांनी २००५ मध्ये दाखल केलेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ ला हे उघड केलं आणि तो नियम कायद्याशी विसंगत ठरवला. किमान मानकं सक्तीची करा, तीन महिन्यांत करा, असं केंद्राला सांगितलं. एकोणीस वर्षं एक माणूस एका याचिकेचा पाठपुरावा करत राहिला, तेव्हा हे झालं.

आपल्या तालुक्यातलं सगळ्यात बोलकं उदाहरण माथेरान. तिथे वाहनांना बंदी, आणि ती असावी याबद्दल माझं दुमत नाही. पण दस्तुरी नाक्यावरून गावात यायला मिनी ट्रेनची शटल सोडली तर घोडा किंवा माणसाने ओढायची रिक्षा एवढेच पर्याय वर्षानुवर्षं होते. ई-रिक्षासाठी स्थानिक निवृत्त शिक्षक सुनील शिंदे न्यायालयात गेले. डिसेंबर २०२२ मध्ये ई-रिक्षा प्रायोगिक म्हणून धावल्या, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं. या सगळ्या वादात रिक्षा ओढणाऱ्यांची प्रतिष्ठा होती, घोडेवाल्यांचा धंदा होता, पर्यावरण होतं, पर्यटक होते. सगळे रास्त. पण माथेरानमध्ये जन्मलेली आणि पाय गमावलेली व्यक्ती बाजारात कशी जाते, दवाखान्यात कशी जाते, हा प्रश्न चर्चेच्या कडेलाच राहिला. आपल्यात अशी माणसं राहतात हेच आपण धरून चालत नाही.

का धरत नाही? दिसत नाहीत म्हणून. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या. देशात हे प्रमाण २.२१ टक्के. मग आपल्या लग्नात, जत्रेत, ग्रामसभेत ही माणसं का दिसत नाहीत? घरात आहेत. काहींना घरच्यांनी प्रेमाने ठेवलंय, काहींना लाजेने. दोन्हींचा परिणाम एकच. कोल्हापूरच्या नसीमादीदी हुरजूक सोळा-सतरा वर्षांच्या असताना त्यांचं कमरेखालचं शरीर निकामी झालं. त्या सावरल्या त्या आपल्यासारख्याच व्हीलचेअरवरच्या बाबूकाका दिवाण यांना भेटल्यावर. पुढे नोकरी केली आणि १९८४ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ उभी केली, वसतिगृह काढलं, शाळा काढली. ‘चाकाची खुर्ची’ हे त्यांचं आत्मकथन अनेकांनी वाचलं असेल. मला त्यांचं काम फार थोर वाटतं, आणि तरीही एक बोचरी गोष्ट त्यात आहे. गावच्या शाळेत जाता येत नव्हतं म्हणून मुलांना कोल्हापूरला, घरापासून दूर राहावं लागलं. संस्था थोर असते, पण गावाने आपलं काम तिच्यावर ढकललं तर ते मूल गावाला परकंच होतं.

२०१६ च्या कायद्यातलं आणखी एक कलम सांगतो, ८ वं. आपत्तीच्या वेळी अपंगांचं संरक्षण. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातल्या अपंग व्यक्तींची नोंद ठेवायची आणि धोक्याची सूचना त्यांना मिळेल अशी व्यवस्था करायची. हे कोरडं वाटेल, पण आपला भाग कोणता आहे? १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड आली. वर गाडीरस्ता नव्हता, बचावपथकं पावसात चालत चढली. २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीच्या पुरात वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली, हजाराहून जास्त प्रवासी काढावे लागले. पाणी किंवा दरड आली की ‘गाव खाली करा’ अशी हाळी येते. ती हाळी ज्यांना ऐकू येत नाही, आणि ऐकू आली तरी जे उठू शकत नाहीत, अशांची यादी शेलूत कुणाकडे आहे? मतदारयादीत अपंग मतदार वेगळे नोंदलेले असतात. यादी करता येते, हे सिद्ध झालेलंच आहे.

आता पैसे. महाराष्ट्रात प्रत्येक स्थानिक संस्थेने, म्हणजे ग्रामपंचायतीनेही, स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी अपंगांसाठी खर्च करायचा असतो. पूर्वी हे ३ टक्के होतं. पंचायतीला घरपट्टी आणि इतर करांतून मिळणाऱ्या दर लाखामागे पाच हजार. इमारती वाढताहेत तशी घरपट्टी वाढते, तसे हे पाच टक्केही वाढतात. माझा अनुभव असा, की वर्षाअखेरीला मार्च उलटू नये म्हणून सगळ्यांना सारख्या रकमेचा धनादेश वाटून हा निधी संपवतात. पैसे हातात मिळतात, त्याला मी वाईट म्हणणार नाही. पण त्यातूनच दाखल्याच्या तपासणीला जायला गाडी होऊ शकते. गावातल्या चार-पाच जणांना एका दिवशी एकत्र नेता येतं. तज्ज्ञाचं शिबिर इथे घ्यायचं तर मंडप, जेवण, वीज याचा खर्च होऊ शकतो. एखाद्याची खुर्ची चाक तुटून पडलीय, तिची दुरुस्ती होऊ शकते. संजय गांधी निराधार योजनेत अपंग लाभार्थ्याला आता महिना २५०० रुपये मिळतात. दाखला हातात पडला आणि माणूस योजनेच्या बाकीच्या अटींत बसला की हे सुरू होऊ शकतं. म्हणजे गावाने गाडीवर घातलेले पैसे त्या घरात दर महिन्याला परत येऊ शकतात. राज्यात डिसेंबर २०२२ पासून दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभागच आहे, पण मंत्रालयातल्या विभागाला तुमच्या वाडीवर गाडी पाठवता येणार नाही. ग्रामपंचायतीला येईल.

तेव्हा येत्या ग्रामसभेत कुणीतरी, अपंग व्यक्तीने स्वतः किंवा तिला सोबत घेऊन शेजाऱ्याने, एक लेखी अर्ज द्यावा. त्यात चार गोष्टी मागाव्यात. गेल्या तीन वर्षांत पंचायतीचं स्वतःचं उत्पन्न किती, त्याचे ५ टक्के किती, त्यातले खर्च किती आणि कशावर. गावात दाखला नसलेल्या अपंग व्यक्तींची यादी, अंगणवाडी ताई आणि आशाताईंकडून करून घेतलेली. तपासणीचं शिबिर तालुक्यातच घेण्याची मागणी करणारा ठराव. आणि आपत्तीत आधी हलवायच्या माणसांची यादी, ती हलवायला कोण जाईल त्याच्या नावासकट. ग्रामसभेची जागा वरच्या मजल्यावर असेल तर तेवढ्या दिवसापुरती खाली शाळेच्या पटांगणात घ्या, हे अर्जाच्या आधी सांगा. अर्जाची पोच शिक्क्यासकट घ्या.

 उत्तर आलं नाही तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांचं कार्यालय आहे. तक्रार ऐकताना आयुक्तांना साक्षीदार बोलावण्याचे, कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. पुण्याला जायची गरज नाही. तक्रार टपालाने किंवा ईमेलने पाठवता येते.